तरुणपणी प्रत्यक्ष ऐकलेल्या पॉप गायिकेचा कार्यक्रम इतक्या वर्षांनी पुन्हा बघायला जावं का?

जा. खुशाल जा.

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात असताना जिला समोर बसून ऐकलं ती गायिका आता पुन्हा पुण्यात येतेय, तिकीट खिशाला चाट लावणारं आहे, आणि घरचे म्हणताहेत, ‘आता काय तो आवाज राहिला असणार? उगाच आठवण नासवून घ्याल.’ घरच्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही गायिकेचं नाव दिलेलं नाही. माझ्या बाबतीत ती उषा उथुप होती. दोन्ही वेळा माझ्या शेजारी आई बसली होती, त्यामुळे हे उत्तर थोडं तिचंही आहे.

पहिल्यांदा ऐकलं ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, पिंपरीत. बाबा तिथल्या एका कारखान्यात टूलरूमला होते. वर्धापनदिनाला दरवर्षी जादूगार नाहीतर एखादं तीन अंकी नाटक असायचं. त्या वर्षी मोठी ऑर्डर मिळाली होती की युनियनशी करार झाला होता, देव जाणे, पण मॅनेजमेंटने हात सैल सोडला. मैदानावर स्टेज बांधलं, पुढे साहेबलोकांना खुर्च्या, मागे आम्हाला सतरंज्या, आणि जागा न मिळालेली सगळी कंपाउंडच्या भिंतीवर. आई मुळात यायलाच तयार नव्हती. ‘क्लबात गाणारी बाई ती. पोरीला घेऊन काय जायचं तिथे?’ बाबांनी वाद घातला नाही. पासाबरोबर पुरीभाजीचं कूपन आहे, आइस्क्रीमसकट, एवढंच त्यांनी सांगितलं. आई आली.

आणि स्टेजवर बाई आल्या त्या कांजीवरम नेसून. मनगटभर बांगड्या, केसांत गजरा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आईने माझा दंड धरला. ‘अगं, ही तर मंगळागौरीला निघाल्यासारखी आलीय!’ मग बाईंनी तोंड उघडलं आणि तो खर्जातला, घोगरा, भारदस्त आवाज मैदानभर पसरला. आमच्या मागच्या सतरंजीवरचे एक काका मोठ्याने म्हणाले, ‘टेप लावलीय कुणीतरी. बाप्याचा आवाज येतोय.’ ती टेप नाही हे पटायला त्यांना अख्खं एक गाणं लागलं.

साडीचं जरा सांगायलाच हवं. चेन्नईच्या माउंट रोडवर सफायर थिएटरच्या तळघरात ‘नाइन जेम्स’ नावाचा क्लब होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथे गायला उभ्या राहिल्या त्या साडीतच. क्लबात गाणारीने झगमगता गाऊन घालायचा, असा तेव्हाचा रिवाज. पुढे मुंबईचं ‘टॉक ऑफ द टाउन’ झालं, कोलकात्यात पार्क स्ट्रीटवरचं ‘ट्रिंकाज’ झालं, साडी काही सुटली नाही. साडी नेसलेली बाई इंग्रजी गाणी म्हणतेय म्हटल्यावर घरच्या बायकांना घेऊन जायला कोणाची आडकाठी राहत नाही. पिंपरीच्या मैदानावर मी हेच बघितलं. अर्थात सगळ्यांच्या पचनी पडलं असं नाही. त्याच दशकात पश्चिम बंगालच्या डाव्या सरकारातल्या एका मंत्र्यांनी त्यांच्या गाण्यावर ‘अपसंस्कृती’ असा शिक्का मारला आणि सरकारी सभागृहांची दारं लावून घेतली. बाई कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. आमच्या आईची हरकत आइस्क्रीमवर मिटली.

त्या रात्रीचं गाणं म्हणून मला नक्की काय आठवतं? खरं सांगायचं तर फार थोडं. आठवतात ते ट्रंपेटवाले, त्यांचे पांढरे बूट, ड्रमवरचे लाल-हिरवे दिवे. ‘रंभा हो’ १९८१ चं आणि ‘कोई यहाँ नाचे नाचे’ १९८२ चं, दोन्ही बप्पी लाहिरींची, म्हणजे तेव्हा अजून ताजी होती, वरातीत बँडवाले वाजवायचे. ती सुरू झाली आणि फाउंड्रीतली पोरं, एरवी साहेबांसमोर मान वर न करणारी, नाचत नाचत थेट खुर्च्यांच्या पहिल्या रांगेपर्यंत आली. कार्यक्रम संपेस्तोवर लोणावळ्याकडून येणारी शेवटची लोकल निघून गेली होती. कारखान्याच्या बसने आम्हाला डेक्कनला सोडलं.

आता दुसरी वेळ, अगदी अलीकडची. मुलाच्या कंपनीचा कौटुंबिक स्नेहमेळावा, म्हात्रे पुलाकडून जाणाऱ्या डीपी रोडवरच्या एका लॉन्सवर. पासाच्या जागी मोबाइलवर क्यूआर कोड, सतरंजीच्या जागी पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या खुर्च्या, पुरीभाजीच्या जागी पास्त्याचा काउंटर. पाहुणी कलाकार कोण हे कळल्यावर मी आईला विचारलं, येतेस का? गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी, संध्याकाळी सातनंतर ती कुठे जात नाही. पण तिने आधी विचारलं, ‘तिचं वय काय आता?’ मी सांगितलं, १९४७ चा जन्म. आईने मनातल्या मनात हिशेब केला. ‘म्हणजे माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. चल, बघू तरी माझ्या बरोबरीची बाई काय करते ते.’

आईचं लक्ष पहिल्यांदा गेलं ते पायांकडे. उषाबाई हल्ली साडीवर चक्क स्पोर्ट्स शूज घालतात, आणि तेही कांजीवरमच्याच कापडाने मढवलेले, काठपदरासकट. एलईडीच्या मोठ्या पडद्यावर ते बूट दिसले आणि आई खुर्चीतून पुढेच झुकली. ऑपरेशन झाल्यापासून डॉक्टर तिला बूट घाला म्हणून सांगताहेत आणि ती ‘साडीवर बूट? मी काय परेडला निघालेय?’ म्हणून उडवून लावतेय. ‘लबाड!’ एवढंच म्हणाली. मग कपाळाकडे बघितलं. तिथे मोठं कुंकू, आणि त्यात बंगालीतला ‘क’, कोलकात्याचा. तो मात्र तिला पडद्यावरसुद्धा नीट दिसला नाही, मला सांगावा लागला.

आता आवाजाचं सांगते, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

आवाज बदलतो, सगळ्यांचाच बदलतो. पाळी गेल्यावर बायकांचे स्वरतंतू जाड होतात, आवाज खाली येतो. पुरुषांचं उलट होतं, म्हातारपणी स्वरतंतू पातळ होतात आणि आवाज चिरका व्हायला लागतो. छातीचा जोर कमी होतो, दम पुरत नाही, लांब ओळ मध्येच तोडावी लागते. वरचे सूर पहिल्यांदा जातात. आता जिचं सगळं नाव तार सप्तकातल्या एका लकेरीवर झालंय तिची यात पंचाईत होते. उषाबाईंचा आवाज मुळातच खालचा. भायखळ्याच्या सेंट ॲग्नेस शाळेत असताना, इतर मुलींच्या आवाजात बसत नाही म्हणून गाण्याच्या तासाला त्यांना बाजूला काढलं होतं आणि हातात वाजवायला ट्रँगल, टाळ्यांच्या पट्ट्या असलं काहीतरी दिलं होतं. वरचं गमावण्याजोगं त्यांच्यापाशी फारसं नव्हतंच. खालचं सगळं शाबूत होतं. थोडं खरखरीत झालंय, एखाद्या लांब सुराला कंप येतो, पण शब्द अजूनही तितकाच स्वच्छ आणि ठेका जागच्या जागी.

माझा भाचा ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. त्याने मला एक गोष्ट शिकवून ठेवली आहे, ती तुम्हालाही सांगते. जुने गायक बहुतेक वेळा मूळ पट्टीत गात नाहीत. काळी दोनचं गाणं खाली पांढरी एकवर घेतलं की गाणाऱ्याच्या घशावरचा भार उतरतो आणि खुर्चीत बसलेल्या हजार माणसांपैकी एखाद्यालाच ते कळतं. कीबोर्डवाला एक बटण दाबून मोकळा होतो. सॅक्सोफोनवाल्याला मात्र बोटं नव्याने बसवावी लागतात, म्हणून तो करवादतो. यात फसवणूक अजिबात नाही. आपल्याकडे शास्त्रीय गाणारे वयाबरोबर पट्टी उतरवतात तेव्हा आपण माना डोलावतो, मग पॉप गाणाऱ्यांनीच काय घोडं मारलंय?

खरा फरक मला दिसला तो वेगळ्याच ठिकाणी. पिंपरीत मी दिवे बघत होते, या वेळी काम बघितलं. गाणं सुरू करण्याआधी बाई लोकांशी बोलतात, आणि त्या बोलण्यातच पुढच्या गाण्याचा ठेका धरलेला असतो. दम लागेल अशी जागा आली की माइक लोकांकडे. लोक खूश, कारण त्यांना गायला मिळालं, आणि तेवढ्यात इकडे दोन श्वास घेऊन झाले. पुढच्या रांगेतला एक मोठा साहेब हाताची घडी घालून बसला होता, त्याला त्यांनी नेमका हेरला आणि टाळ्या वाजवायला लावूनच सोडला. मधूनमधून मराठी. मुंबईत वाढलेल्या, वडील मुंबई पोलिसांत, तेव्हा पाहुण्यांना दाखवण्यापुरतं पाठ केलेलं ‘कसं काय पुणे’ नव्हतं ते. मराठी कानावर पडलं आणि आईने काठी खाली ठेवली. दोन्ही हात मोकळे हवे होते, टाळ्यांसाठी.

ही पकड विशीत येत नाही. क्लबात, लग्नात, कारखान्याच्या मैदानावर, कोणी जेवतंय, कोणी भांडतंय, कोणाचं मूल रडतंय अशा गर्दीसमोर वर्षानुवर्षं उभं राहून ती येते. तुमच्या गायिकेने मधली वर्षं स्टेज सोडलं नसेल, तर आवाजातलं जेवढं उतरलंय त्याच्या दुप्पट इथे चढलेलं असेल, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलंय.

गर्दीची गंमत वेगळीच होती. एचआरमधल्या पंचविशीच्या मुलींना त्या ठाऊक होत्या त्या २०११ च्या ‘डार्लिंग’मुळे. रेखा भारद्वाजबरोबरच्या त्या गाण्याला फिल्मफेअर मिळालं होतं, आणि पद्मश्रीही त्याच वर्षीची. माझ्या वयाची मंडळी बप्पीदांच्या गाण्यांवर उठली. आणि निवृत्त झालेले जे दोन-चारजण खास बोलावले होते, ते पंचमच्या ‘शान’मधल्या गाण्याला, १९८० च्या, एकदम ताठ बसले. पंचम १९९४ ला गेले, बप्पीदा २०२२ ला. गाणारी तेवढी समोर उभी.

सगळं गोडच होतं असं नाही. पहिली कुरकुर ब्रासबद्दल. ट्रंपेट, ट्रॉम्बोन कोणी नव्हतंच, ते सगळं कीबोर्डवर. भाच्याला राग आला तरी चालेल, पण कीबोर्डमधलं ट्रंपेट म्हणजे पावडरीच्या दुधाचा चहा. दुसरी म्हणजे बेस इतका चढवलेला की एका संथ इंग्रजी गाण्याचे शब्दच कळले नाहीत, आणि ते गाणं त्या फार सुंदर म्हणत असाव्यात असं चेहऱ्यावरून वाटत होतं. साउंडवाल्यांनी समोर कोण गातंय हे बघून तरी बटणं फिरवावीत! तिसरी, अर्थातच, मोबाइल. माझ्या पुढच्या गृहस्थांनी अख्खा कार्यक्रम स्वतःच्या हातातल्या चौकोनात बघितला, आणि त्यांच्यामागे बसून मीही.

आणि दहाला सगळं बंद. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनंतर उघड्यावर रात्री दहापुढे लाउडस्पीकर चालत नाही. गणपतीतल्या मोजक्या रात्री आणि वर्षातले असेच काही दिवस बारापर्यंत सूट मिळते, बाकी नाही. सवाईला रात्र-रात्र जागलेल्या पुणेकरांना हे अजून जड जातं. पण आईच्या वयाच्या माणसाला बरोबर न्यायचं तर नियम सोयीचाच निघाला, आम्ही अकराच्या आत घरी होतो.

आता तुमच्याबद्दल. माझा अनुभव चांगला म्हणून तुमचाही चांगलाच होईल असं नाही. कोणाचा कार्यक्रम आहे त्यावर ठरेल. लकी अली घ्या. ‘ओ सनम’ १९९६ चं. तेव्हाही तो माणूस आपल्याशीच बोलल्यासारखा गायचा, आजही तसाच गातो, गिटार घेऊन. २०२० मध्ये त्याचा ते गाणं म्हणतानाचा साधा व्हिडिओ मोबाइल-मोबाइलवर फिरला, आणि तो बघणाऱ्यांत ते गाणं आलं तेव्हा जन्मलेलीही नव्हती अशी पोरं कितीतरी. अशा गायकाला वय झालं तरी बिघडत नाही, उलट शोभून दिसतं. याउलट ज्यांचा कार्यक्रम म्हणजे निम्मा नाच आणि निम्मी वरची पट्टी, त्यांच्याबाबत थोडा गृहपाठ करा. यूट्यूबवर गेल्या एक-दोन वर्षांतलं, प्रेक्षकांतून कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं शूटिंग शोधा. कंपनीने टाकलेलं नको, त्यात आवाज धुऊन-पुसून ठेवलेला असतो. आणि माइककडे नजर ठेवा. तोंडापासून हातभर लांब गेला आणि आवाज तेवढाच येत राहिला, तर आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावलाय असं समजा. एखाद्या गाण्याला, कोरससाठी वगैरे ट्रॅक असला तर हरकत नाही. सगळाच कार्यक्रम तसा असेल तर घरच्यांचं ऐका आणि कॅसेट लावा.

‘आठवण नासेल’ ही भीती मात्र काढून टाका. माझी पिंपरीची रात्र आहे तिथेच आहे, फाउंड्रीतली पोरं अजून तशीच नाचताहेत, तिला नव्या कार्यक्रमाने काही धक्का लागलेला नाही. शिवाय सगळ्यांना दुसऱ्यांदा ऐकायची संधी मिळते कुठे? नाझिया हसनच्या ‘डिस्को दीवाने’ची कॅसेट आमच्याकडे घासून घासून पांढरी झाली होती. २००० साली ती गेली, पस्तिशीत. तिला प्रत्यक्ष ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

तिकिटाबद्दल. ‘फॅन पिट’ नावाचं काहीतरी सगळ्यात पुढचं म्हणून विकतात, त्याच्या नादी लागू नका. तिथे खुर्ची नसते, गायिका येईपर्यंत दोन-दोन तास उभं राहावं लागतं आणि पुढे सहा फुटी पोरं असतात. खुर्चीचंच घ्या. मधोमध साउंड कन्सोलचा चौथरा असतो, त्याच्या आसपासची जागा मिळाली तर उत्तम, कारण आवाज जुळवणारा तिथेच बसून जुळवतो, सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं. अगदी कडेच्या स्पीकरसमोरचं फुकट मिळालं तरी नको. डीपी रोडकडे किंवा बाणेरला असेल तर स्वतःची गाडी नेऊ नका, सुटल्यावर पार्किंगमधून बाहेर पडायलाच कार्यक्रमाएवढा वेळ लागतो. आणि घरच्यांना बरोबर न्या, त्यांचंही तिकीट काढा.

काढलंत की कोणाचा कार्यक्रम आहे ते इथे लिहा. आईने विचारलंय. तिने नवे बूट घेतलेत, साडीवर घालायचे, आणि ते घालून जायला तिला निमित्त हवंय.